राजापेठेतली निवड

मे महिना. अमरावतीच्या राजापेठेतल्या हॉलमध्ये कूलर घरघरत होता, त्यामुळे कुणाचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो ते आपोआप कळत होतं. नाटकाच्या उन्हाळी प्रयोगांसाठी मला नट निवडायचे होते. मालिकांत काम केलेला एकजण सफाईदार बोलून गेला. मन हललं नाही. मग अकोल्याची एक नटी आली. संहिता बाजूला ठेवून म्हणाली, "भाऊ, आपल्या वऱ्हाडीत म्हनू काय?" आणि पदराला हात पुसत तिनं कापसाच्या कर्जाचा हिशेब मांडला. अंगावर काटा आला.

'रणदुंदुभी' लिहिणाऱ्या वीर वामनराव जोशींची ही अमरावती. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीनं ते नाटक १९२७ साली गाजवलं. तरी इथल्या नटाला पोटासाठी अजून पुण्या-मुंबईकडेच बघावं लागतं, हे मला फार सलतं. म्हणून मुख्य भूमिका अकोल्याच्या त्या नटीलाच दिली. तालमीआधी मानधनाचं बोलून घेतलं.