झुळकेवरची शर्यत

गेटवेला तुम्ही गेलाच असाल. लाँचमध्ये बसून मुलांना घारापुरीची लेणीही दाखवली असतील. पण थंडीतल्या एखाद्या रविवारी, अकराच्या सुमारास, तिथल्या कठड्यापाशी नुसत्या उभ्या राहून पाहा. पाण्यावर शिडाच्या लहान लहान होड्या दिसतील आणि वाटेल, या चालल्यात की झोपल्यात?

ती शर्यत असते बरं का! पहाटेचा मतलई वारा पडलेला, खारा वारा अजून नीट भरायचा. तोवर सारं बंदर तव्यासारखं सपाट. माझे धाकटे दीर या शर्यतींत हौसेनं उतरतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा जोडीदार आजारी पडला, तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, येता का? दोर धरायला माणूस हवंय." आमचे 'हे' हसले. मी पंजाबी ड्रेस घातला, वर लाइफ जॅकेट बांधलं नि गेले. वय पंचेचाळीस, पोहणं जेमतेम!

वायव्येकडून बारीक झुळूक होती. तिच्यासमोर जाताना दोन शिडांवर भागतं. बोयाला वळसा घालून वारा पाठीशी आला, की पुढे फुग्यासारखं तिसरं शीड चढवतात. त्याला म्हणतात स्पिनेकर. भावोजींकडे असे दोन. एक नवाकोरा, भला मोठा, पाऊण औंसाच्या नायलॉनचा. दुसरा जुना, लहान, अर्ध्या औंसाचा. शिडाचं कापड असं वजनावर ओळखतात. त्यांनी अर्थात मोठा काढला. शीड मोठं तर वारा जास्त, कुणालाही पटेल.

पण तो फुगेचना! चढवताना कड पाण्यात बुडाली होती. ओल्या चादरीसारखा लोंबत राहिला. शेजारून लाँच गेली, तिच्या लाटांनी होडी हिंदकळली आणि होता तो वाराही शिडातून झटकला गेला. आम्हांला जायचं उरणच्या दिशेनं, भरती समोरून. होडी चक्क मागे जाऊ लागली. मी म्हटलं, "भावोजी, कापड जड आहे. झुळकेनं वायल उडेल, कांजीवरम उडेल का?"

"वहिनी, दोर सांभाळा."

शेवटून पहिले आलो. हरल्याचं एवढं नाही, पण त्या 'दोर सांभाळा'चा राग मला आठवडाभर पुरला. चाळीस प्रकारची कापडं बोटांनी ओळखणारी बाई मी!

पुढच्या रविवारी ते काही बोलले नाहीत, मात्र जुन्या शिडाची पिशवी मुकाट्यानं माझ्या हातात दिली. दोरही बदलला होता; जाड दोराच्या ओझ्यानंच पातळ शिडाचा कोपरा खाली ओढला जातो. मी शिड झुकतं त्या बाजूला बसले, म्हणजे होडी किंचित कलते आणि कापड आपल्या वजनानं आकार धरतं. हलायचं नाही, खोकायचंसुद्धा बेतानं! आणि सरळ जायचं नाही. वारा अगदी पाठीशी घेतला, की होडीचा वेग वाऱ्यातून वजा होतो, शिडाला उरतं काय? थोडं तिरकं गेलं की अंगावरचा वारा वाढतो. वाट लांबते, पण शीड भरलेलं राहतं. आम्ही चौथे आलो. वारा चांगला भरला की मोठ्या शिडाचंच राज्य, हेही खरं. तेव्हा मी हुज्जत घालत नाही.

याच मुंबईच्या पाण्यात १९८२ च्या आशियाई स्पर्धेत कराचीच्या बेहराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोनं एंटरप्राइज होडीत सुवर्णपदक मिळवलं होतं. त्या होडीला स्पिनेकर नसतोच! पुढचं छोटं शीड काठीनं दुसऱ्या बाजूला ताणून धरतात, फुलपाखराच्या पंखांसारखं. भावोजींना हे मी दोनदा ऐकवलं आहे.

जुना स्पिनेकर आता आमच्याकडे असतो. गोड्या पाण्यातून काढते नि सावलीत वाळवते, नायलॉनला ऊन सोसत नाही. परवा 'हे' त्याची घडी घालायला निघाले. म्हटलं, "राहू द्या, तुम्ही दोर सांभाळा."