अकोल्यात पाहण्यासारखं काय? एका जुने शहरवाल्याचं खरंखुरं मत

शिव्या पडणार हे धरूनच लिहितोय. "अकोल्यातील प्रेक्षणीय स्थळे" नावाची जी यादी दर दिवाळीच्या सुट्टीत आणि दर 27 सप्टेंबरला, म्हणजे जागतिक पर्यटन दिनाला, आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरते ना, ती निम्मीअधिक फुगवलेली आहे. असदगड, नेहरू पार्क, कृषी विद्यापीठ, काटेपूर्णा, बाळापूर, नरनाळा. तीच नावं, तेच फोटो, "ऐतिहासिक वारशाने नटलेले" हे तेच वाक्य. मी जुने शहरात जन्मलो, इथंच राहतो, वीस वर्षांच्या वर या गावाच्या बातम्या लिहितोय. त्यामुळं "बाहेरच्याले काय समजते" हे म्हणायची सोय तुम्हाला नाही.

सुरुवात असदगडापासून करू, कारण तो आमच्या दारातला.

मागच्या दिवाळीत धाकटा साळा पुण्याहून आला, बायको-पोरीसकट. शेगावचं दर्शन झालं, कचोरी झाली (तिच्याबद्दलही माझं मत आहे, पण आज नको, एका पोस्टमध्ये किती भांडणं घ्यायची). दुसऱ्या दिवशी म्हणे, "भाऊजी, तुमचा किल्ला दाखवा, चार पॉइंट सहा रेटिंग आहे." नेलं. वर गेलो. उघडं मैदान, झुडपं, पाऊचची पाकिटं, भिंतीवर कुण्या राजूनं कुण्या पूजावर केलेलं प्रेम. पोरगी दहा वर्षांची. दहा मिनिटं फिरली आणि बापाला विचारते, "पप्पा, पण किल्ला कुठाय?"

आम्ही किल्ल्यावरच उभे होतो.

पोरीचं चुकलं नाही. औरंगजेबाचा वजीर असदखान, त्याच्या नावावरून असदगड. एवढं आपण सगळे सांगतो. 1803 मध्ये आर्थर वेलस्ली, तोच पुढं नेपोलियनला हरवणारा, अडगावच्या लढाईच्या आधी इथं तळ देऊन होता, हेही काही जण सांगतात. 29 नोव्हेंबर 1803 ची ती लढाई, आपल्याच जिल्ह्यातलं अडगाव, इंग्रजांच्या कागदात "अरगाव" झालं. पण पुढचं कोणी सांगत नाही. 1870 च्या सुमारास इंग्रजांनी हा किल्ला पाडून काढला. जुन्या गॅझेटिअरमध्ये तर मधल्या हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आहे. म्हणजे आपण ज्याला किल्ला म्हणून दाखवतो तो दीडशे वर्षांपूर्वी मोडलेल्या किल्ल्याचा उरलेला भाग आहे. नक्षी वगैरे तर पहिल्यापासून नव्हतीच, हा कामाचा किल्ला होता, मिरवायचा नव्हता. ज्याला हे माहीत आहे त्याला तिथं उभं राहून बरंच काही दिसतं. ज्याला राजस्थानसारखं काहीतरी पाहायला मिळेल असं सांगून आणलंय, तो फसवला गेल्यासारखाच परत जाणार.

आणि जे खरोखर वाचण्यासारखं आहे, ते या यादीत नाहीच. वेशींवरचे शिलालेख. दहीहांडा वेशीवर एक आहे, अगरवेशीवर मराठीत आहे. तो मराठी लेख म्हणतो की किल्ला 1843 मध्ये गोविंद आप्पाजींनी बांधला, म्हणजे बाकी सगळ्या लेखांच्या विरुद्ध. डागडुजी केली आणि बांधला म्हणून कोरलं, असं मला वाटतं. आजच्या भूमिपूजनाच्या पाट्या पाहता ही पद्धत जुनीच दिसते. दहीहांडा वेशीच्या लेखाची गंमत वेगळी. सगळीकडे छापलेलं सापडतं, "हिजरी 1114, म्हणजे इसवी सन 1697." आता हिजरी 1114 म्हणजे 1702-03 येतं. मोबाईलवर कोणीही दोन मिनिटांत ताडून पाहू शकतो. एकानं छापलं, बाकीच्यांनी उतरवलं. ज्या गोष्टीचा आपण एवढा अभिमान सांगतो, तिचं साल जुळतं की नाही हे पाहायलाही कोणी थांबलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? यादी फुगली तर बिघडलं कोणाचं?

किल्ल्याच्या खालच्या गल्लीत एक आजी राहते. नाव नाही लिहीत. तिच्या घरामागं जुनी भिंत आहे, भिंतीत पिंपळ शिरलाय, मूळ माझ्या मांडीएवढं. पावसाळ्यात एकदा बातमीसाठी गेलो होतो तेव्हा ती म्हणाली, "पानी लागलं का मी बाज इकडल्या भितीले घेतो बापा. रातच्याले दगड येते." पर्यटनस्थळाच्या पायथ्याशी राहणारी बाई पावसात खाट सरकवून झोपते. आणि आपण वरून फोटो काढून "स्वर्गीय सूर्यास्त" म्हणून टाकतो.

माझा राग इथं आहे. जागेला "प्रेक्षणीय" म्हटलं की ती ठीकठाक आहे असं धरलं जातं. मग तिच्यासाठी जे काही मागितलं जातं ते सजावटीचं असतं. सौंदर्यीकरण म्हटलं की आपल्याकडं ठरलेलं पॅकेज आहे : पेव्हर ब्लॉक, रंगीत लाइट, एक कारंजं जे उद्घाटनाच्या दिवशी चालतं, आणि मोठ्या अक्षरातला सेल्फी पॉइंट. पिंपळ काढा, भिंत आधाराला धरा, बुरुजाला कठडा करा, शिलालेख जाणकाराकडून वाचून घ्या आणि खाली मराठी-उर्दूत पाटी लावा. ही मागणी कोणत्याच भाषणात येत नाही. ती फोटोत दिसत नाही ना.

मोर्णेचं तेच. "मोर्णा काठचं अकोला" हे लिहायला किती छान वाटतं. 13 जानेवारी 2018 ची सकाळ ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. हजारो माणसं नदीत उतरली होती. शाळेची पोरं, बँकवाले, डॉक्टर, भजनी मंडळं, जलकुंभी ओढून ओढून काठावर ढीग लावले होते. त्याच महिन्यात 28 तारखेच्या "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनी अकोल्याचं नाव घेतलं. ते पाहताना मला खरंच भरून आलं होतं, ते मी नाकारत नाही. पण जलकुंभी हा आजार नाही, ते लक्षण आहे. घाण पाणी साचून राहिलं की ती येणारच. नाले नदीत सोडायचे तसेच राहिले आणि जलकुंभी पुन्हा आली. पुढं शिलोड्याला सांडपाणी शुद्धीकरणाचं केंद्र झालं, पण प्रत्येक नाला तिथपर्यंत पोचला की नाही, हे दगडी पुलावर उभं राहून कोणालाही नाकानंच कळतं. आता नदीकाठी फिरायची जागा करायच्या गोष्टी ऐकतो. करा ना. पण आधी वास काढा, मग बाकं टाका.

बाकीची यादी पटकन उरकतो. नेहरू पार्क हे लहान पोरांना संध्याकाळी नेण्यासारखं बरं उद्यान आहे, बस. त्यासाठी कोणी दुसऱ्या जिल्ह्यातून यावं असं त्यात काही नाही. कृषी विद्यापीठ 1969 चं, झाडं आहेत, सकाळी चालायला उत्तम, पण ती अभ्यासाची आणि शेतीची जागा आहे, तिला पिकनिक स्पॉट करू नका. डिसेंबरच्या शेवटी प्रदर्शन लागतं तेव्हा शेतकऱ्यासारखं जा, भरपूर पाहायला मिळतं. काटेपूर्णा? महानच्या धरणाचं पाणी आपण अकोलेकर पितो. तिथं जाऊन प्लेटा-बाटल्या टाकून येणाऱ्यांना मी पर्यटक म्हणत नाही, दुसरं म्हणतो, इथं लिहिता येत नाही. बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री सुंदर आहे आणि यादीत तिला एक ओळ मिळते. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, इमादशाहीच्या उभारणीच्या काळातला, पंधराव्या शतकाच्या अखेरचा, तो पाहून ज्याचं मन हललं नाही त्याला ताजमहालही दाखवू नका. नरनाळा फुगवलेला नाही, उलट कमी सांगितलेला आहे. फक्त "अकोल्यात आहे" म्हणून सांगू नका, साठेक किलोमीटर जावं लागतं, पुढं व्याघ्र प्रकल्पाचं गेट आणि परवानगी. पाहुण्यांना अर्धा दिवस सांगून नेलं तर घरी येईस्तोवर भांडण होतं, मी दोन पाहिली आहेत.

राहिलं जुने शहर.

इथं एक अवघड गोष्ट बोलावीच लागेल. 13 मे 2023 च्या रात्री एका सोशल मीडिया पोस्टवरून इथं दंगल झाली. एक माणूस गेला, गाड्या जळाल्या, जमावबंदी लागली, नेट बंद झालं. त्या दोन-तीन दिवसांत मला मुंबई-दिल्लीहून जेवढे फोन आले तेवढे बाकी वीस वर्षांत मिळून आले नसतील. सगळ्यांना जुने शहर पाहिजे होतं, जळकं पाहिजे होतं. त्यानंतर एकही फोन नाही. पण नदीपल्याडच्या माझ्याच ओळखीतल्या लोकांच्या डोक्यात ते बसलं. मुलाच्या वाढदिवसाला एका मित्राच्या बायकोनं विचारलं, "रात्री तिकडे ठीक असते ना हो भाऊ?" वाईट मनानं नाही विचारलं तिनं. पण तीस वर्षं ज्या घरी ती जेवायला येते, त्या घराबद्दल विचारलं.

मोर्णेचा पश्चिम काठ म्हणजे मूळ गाव, पूर्वेला ताजनापेठ आणि साहेबांची कचेरी. रेल्वे आली तीही त्याच बाजूला. तेव्हापासून शहर तिकडं वाढलं आणि इकडची बाजू "जुनी" झाली. आता ती यादीत एक किल्ला आणि एक मंदिर एवढीच उरली. किल्ल्याचा फोटो सगळ्यांना पाहिजे, किल्ल्याभोवतीची वस्ती फ्रेममध्ये नको. अगरवेशीपासून भांडपुरा, जयहिंद चौक असं सकाळी पायी चाललं तर अर्ध्या तासात जे दिसतं, ते कोणत्याच यादीत नाही. लाकडी खांबांचे पडायला आलेले वाडे, त्यांच्या ओट्यावर निवडत बसलेली भाजी, एकीकडून येणारी अजान आणि दुसरीकडून आरतीची घंटा. कोणाला याचं काही विशेष वाटत नाही, आणि विशेष वाटू नये हेच मला आवडतं. याचं तिकीट लावू नका, हेरिटेज वॉक म्हणून बॅनरही लावू नका. गटारं झाका आणि वाडेवाल्यांना दुरुस्तीला हातभार द्या, पुष्कळ झालं.

राजराजेश्वराबद्दल काही वाईट बोलणार नाही, ग्रामदैवत आहे. अकोलसिंगाची ती गोष्ट, राणीवर संशय घेतला, पिंड दुभंगली, राणी आत गेली, ही आम्ही आजीकडून ऐकली आणि रडलो. आता वाटतं, संशय घेणाऱ्याच्या नावानं गाव आणि त्या बाईचं नाव कोणाला ठाऊक नाही, असो. पण कावड! श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन सतरा-अठरा किलोमीटर पोट्टे येतात. चाळीसच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा ही सुरू झाली असं जुने लोक सांगतात. अकोल्यात पाहण्यासारखं एक काही असेल तर हे, आणि हे पाहायला कोणी पाहुण्यांना बोलवत नाही. माझी एकच तक्रार, डीजे. भरण्यांच्या वजनानं खांदा सोललेला पोट्टा चालत असतो आणि पन्नास फुटांवर स्पीकरची भिंत छाती हलवते. खांदा कोणाच्या लक्षात राहील? माझ्या लहानपणी टाळ आणि डफडी होती, लांबून कावड येते हे कळायचं आणि आई पाण्याचा हंडा घेऊन ओट्यावर उभी राहायची. पायावर पाणी टाकायला.

तर साल्याचं पुढं असं झालं. दुसऱ्या सकाळी त्याला आणि पोरीला घेऊन पायी निघालो. अगरवेशीखाली एका चहावाल्यानं पोरीला अक्षरं दाखवली, "हे पाय बाई, हे मराठी हाय." तिनं दोन शब्द लावले, तिसरा लागला नाही, फोटो काढून घेतला. शाळेत बाईंना विचारणार म्हणाली.

कोणाला यायचं असेल तर गाडी पुलाच्या अलीकडंच लावा, इकडं गल्ल्यांत फसाल. सकाळी सातच्या आत या. किल्ल्यावर चप्पल नको, बूट घाला, काचा आहेत. आणि त्या गल्लीतल्या आजीच्या भिंतीचं काम कोणत्या खात्यात बसतं हे नक्की ठाऊक असणारा कोणी ही पोस्ट वाचत असेल, तर कमेंटमध्ये नको, मला फोन करा. पाऊस जूनमध्ये लागतो.