झाकण मिटलं, झोप लागली?

वर्गात डोळे मिटून जागी असलेली मुलं ओळखायला मास्तरला वेळ लागत नाही. लॅपटॉपचं मात्र वेगळं. माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपचं झाकण रात्री मिटावं, तर सकाळी तो गरम आणि बॅटरी रिकामी! त्यात वीज गेलेली असली की परदेशातल्या लेकीशी बोलणं बुडालंच.

नातवाच्या मदतीने ‘मेम_स्लीप’ ही फाईल उघडली. आत दोनच शब्द : ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’. कंस पहिल्याभोवती, म्हणजे तोच चालू. ही नुसती डुलकी. प्रोसेसर स्वस्थ बसतो, पण पुरता बंद होत नाही. ‘डीप’मध्ये मेमरीला तेवढी वीज मिळते, बाकी बहुतेक सगळं बंद. मग कर्नलला ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ असं सांगून टाकलं. सगळ्याच नव्या यंत्रांत ही सोय नसते बरं का! आणि बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल, तर झाकण मिटलं तरी लिनक्स सहसा लॅपटॉपला झोपवत नाही.

आता बॅटरी सकाळपर्यंत टिकते. सौ. मात्र लेकीच्या फोनची वाट पाहत पहाटेपर्यंत डोळे मिटून जागीच असते. तिच्यासाठी कुठल्या फायलीत काय लिहायचं?