माघारी फिरलेली जीप

दोस्तांनो, जीपमधून डोंगरात भटकायला कुणाला आवडणार नाही? मलाही वाटायचं, जीप म्हणजे काय, कुठूनही जाणारच! माझी ही समजूत मामाने मोडली, १९९४ च्या जुलैमध्ये.

तेव्हा मी आठवीत होते. भोरच्या पलीकडे डोंगरात मामाची भातशेती होती आणि आजी तिथेच राहायची. डांबरी रस्ता संपला, की पुढे कच्ची वाट आणि मध्ये एक ओढा. पूलबिल काही नाही, पाण्यातूनच पलीकडे जायचं. आम्हांला आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायच्या होत्या.

आदल्या संध्याकाळी मामा जीपभोवती घुटमळत होता. तेल, पाणी, ब्रेक, चाकांचे नट, जादा चाकातली हवा, एकेक बघून झालं. मग त्याने जाडजूड दोर, फावडं, हवेचा पंप आणि एक लाकडी फळी गाडीत टाकली.

“फळी कशाला?” मी विचारलं.

“चिखलात जॅक नुसता लावला तर तोच खाली रुततो. फळीवर ठेवला की टेकू मिळतो.”

सामान त्याने करकचून बांधलं. गाडी उधळली की सुटा डबासुद्धा डोक्यात बसतो! त्या जुन्या जीपला पट्टे नव्हते. तुम्ही मात्र पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच करू देऊ नका, बरं का!

डांबर संपल्यावर मामाने चाकांतली थोडी हवा सोडली. त्याने टायर पसरतं आणि जमीन चांगली धरतं. मात्र परत डांबरी रस्त्यावर आलं, की पंपाने हवा भरायची. मग गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून त्याने चारही चाकांना जोर दिला. स्टिअरिंग धरताना त्याचे अंगठे आत नव्हते, कडेवर होते. चाक दगडावर आपटलं, की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि आतला अंगठा मोडू शकतो. उतारावर तो पहिल्या गिअरमध्येच राहिला. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, त्यामुळे ब्रेक सारखा दाबावा लागत नाही.

आणि ओढा आला. पाणी गढूळ, तळ दिसेना. मामाने अगदी काठावर एक काठी रोवली आणि घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत पाणी काठीच्या वीतभर पुढे सरकलं.

“पाणी चढतंय. मागे फिरू या.”

“अरे मामा, आपली जीप आहे ना! आणि आजीच्या गोळ्या?” मला तर रडूच यायला लागलं.

मामा शांतपणे म्हणाला, “तिच्याकडे अजून दोन दिवसांच्या गोळ्या आहेत. म्हणून तर आज निघालो. उद्यावर ढकललं असतं, तर आत्ता मला पाण्यात घुसावंच लागलं असतं.”

रात्री आम्ही अलीकडच्या वाडीत मुक्काम केला. सकाळी ओढा ओसरला होता. पाहतो तर काय! पलीकडच्या काठाची अर्धी वाट वाहून गेलेली आणि तिथे कमरेइतका खड्डा! गढूळ पाण्याखाली तो आम्हांला दिसलाच नसता. मी मामाकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही. फावडं काढून दगड-माती भरायला लागला. तासाभराने आम्ही आजीच्या अंगणात होतो.

मोठी झाल्यावर मी वाचलं, की जोराने वाहणारं फूटभर पाणी छोट्या मोटारीला ढकलून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी जीपसारख्या गाडीलाही. चारही चाकं फिरत असली, तरी ती तळाला टेकायला तर हवीत ना!

आता मी स्वतः गाडी चालवते. दोर, फळी, पंप सगळं बरोबर घेते. पण सगळ्यांत आधी मोजते तो हातातला वेळ. माघारी फिरण्याइतका वेळ गाठीला नसेल, तर दोस्तांनो, आपली तयारी झालेलीच नसते!