कंपायलरला दिलेला शब्द

एक साधा लूप घ्या. फंक्शनला तीन पॉइंटर मिळतात, तिन्ही फ्लोटचे: निकालाचा अ‍ॅरे, मूळ अ‍ॅरे आणि गुणक. दर फेरीत मूळ आकडा गुणायचा नि निकालात लिहायचा. गुणक बदलत नाही हे आपल्याला दिसतं, कंपायलरला नाही. निकाल लिहिताना गुणकाच्याच जागेवर लिहिलं गेलं तर? तिघांचा टाइप एकच, त्यामुळे टाइपवरूनही निवाडा होत नाही. म्हणून तो दर फेरीत गुणक मेमरीतून पुन्हा आणतो. असेंब्ली उघडली की ते जादा लोड लूपच्या पोटात दिसतं. एकाच जागेवर दोन पॉइंटर असण्याचा, म्हणजे एलियसिंगचा, हा संशय मला रास्त वाटतो.

तो फेडायचा तर या जागा एकमेकींवर येत नाहीत असा शब्द आपणच द्यायचा. सी-९९ मधलं 'रिस्ट्रिक्ट' त्यासाठीच आहे. सनच्या कंपायलरमध्ये 'प्रॅग्मा नोएलियस', आयबीएमच्या एक्सएल सीमध्ये 'डिसजॉइंट', जीसीसीत ४.९ पासून 'आयव्हीडेप' हे निर्देशही त्याच जातीचे. १९८८ साली 'नोएलियस' थेट भाषेतच आणायचं घाटत होतं, तेव्हा डेनिस रिचींनी कडाडून विरोध केला आणि ते बारगळलं. वरवर निर्धोक दिसणारे प्रोग्राम त्यामुळे बिघडतील, ही त्यांची भीती मला आजही पटते.

कारण शब्द खोटा ठरला तर कंपायलर काही बोलत नाही. समजा अ‍ॅरेत सगळे १ आहेत, गुणक २, आणि कुणीतरी निकाल म्हणून त्याच अ‍ॅरेचा एक घर पुढचा पत्ता दिला. सरळ चालीत १, २, ४, ८, १६ येतात. 'रिस्ट्रिक्ट' लिहिलं की चार-चार आकडे एकदम वाचायची मुभा मिळते, आणि मग १, २, २, २, २ येऊ शकतात. तेही फक्त ऑप्टिमायझेशन चालू असताना; डीबग बिल्डमध्ये सगळं आलबेल.

म्हणून अख्ख्या फाइलला लागू होणारा फ्लॅग मी टाळतो. सनच्या 'एक्सएलियस लेव्हल'ला 'एनी'पासून 'स्ट्राँग'पर्यंत सात पायऱ्या आहेत. पण वरची पायरी निवडली की दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळींचीही हमी आपण घेतो. लिनक्स कर्नल तर 'नो स्ट्रिक्ट एलियसिंग' लावूनच बांधतात. मी आधी मोजतो: बरेचदा जीसीसी स्वतःच पत्ते तपासून लूपच्या दोन आवृत्त्या ठेवतो, आणि निर्देशाने फारसं हाती लागत नाही. लागत असेल, तर त्या फंक्शनला कोण कोण हाक मारतं ते शोधतो. मगच त्या एका लूपपुरता निर्देश, शेजारी जागा एकमेकींवर येत नाहीत हे तपासणारा असर्ट. त्यात पत्ते आधी पूर्णांकात बदलून घेतो, कारण वेगवेगळ्या अ‍ॅरेंच्या पॉइंटरांमध्ये लहानमोठं ठरवणं सी भाषेत अव्याख्यित आहे.