मुसळ कशासारखे?

गेल्या दिवाळीत आमच्या जेवणाच्या टेबलावर फराळाच्या ताटल्यांशेजारी चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे मांडलेले होते. सुट्टीसाठी घरी आलेल्या मुलाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा डाव मांडला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलतात आणि जेथे यशाची खात्री नसते तेथे फासा निर्णय देतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आम्हाला मिळून एकच पात्र देण्यात आले, तेही भाटाचे. उखळात डोके घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही, म्हणून बसलो.

तासाभरातच आमच्या भाटाची तलवार नदीत पडली आणि एका सराईच्या स्वयंपाकघरात गॉब्लिन नावाचा खुजा राक्षस समोर उभा ठाकला. आम्ही विचारले, “इथे मुसळ असेल का रे?” सूत्रधार म्हणाला, “आहे. पण ते कशासारखं आहे, ते तुम्ही सांगा.”

हा प्रश्न त्याच्या मनचा नव्हता, नियमाचा होता. आम्ही खेळत होतो त्या २०१४ च्या आवृत्तीत हाताला लागेल ती वस्तू शस्त्र म्हणून वापरण्याचा स्वतंत्र नियम आहे. उदाहरणे मोठी मासलेवाईक आहेत: फुटकी काच, टेबलाचा पाय, तवा, गाडीचे चाक, इतकेच काय, मेलेला गॉब्लिनसुद्धा! वस्तूचे कोणत्याही शस्त्राशी साम्य नसेल, तर तिचा मार चार बाजूंच्या फाशाने मोजायचा. साम्य असेल आणि सूत्रधाराला ते पटले, तर ती त्या शस्त्रासारखीच वापरता येते. म्हणजे त्या शस्त्रातले प्रावीण्यही तिला लागू होते.

गाडीचे चाक वाचताच आम्हाला द्रोणपर्वातला, शस्त्रे गमावल्यावर रथाचे चाक उचलणारा अभिमन्यू आठवला. मौसलपर्वात तर यादवांच्या हातातल्या एरका गवताचेच मुसळ होते. पण ते शापाने. येथे रूपांतर घडते ते साधर्म्याने. मुसळ उपमेय, सोटा उपमान, जडपणा हा साधारण धर्म. वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो तेच अलंकारशास्त्र येथे फाशांवर चालत होते.

आम्ही बाजू मांडली: लाकूड जड आहे, टोकाला लोखंडी कडे आहे, उचलून आपटण्यासाठीच ते घडवलेले आहे. मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “सोटा. मान्य. आता टाका फासा.” वीस बाजूंच्या फाशावर बारा पडले. भाटाच्या बळाचा एक मिळवून तेरा. गॉब्लिनला वार लागायला पंधरा हवे होते. प्रावीण्याचे दोन मिळाले आणि वार लागला. गंमत अशी की, सोट्याचा मारही चार बाजूंच्या फाशाचाच असतो. म्हणजे मान्यतेने मुसळ अधिक जड झाले नव्हते. फक्त ते पेलणाऱ्या हाताचे शिक्षण जमेस धरले गेले होते.

त्या दोन गुणांनी आम्हाला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. उपमेची चार अंगे स्पष्ट करा, असा पाच गुणांचा प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने एकही पारिभाषिक संज्ञा न वापरता तराजू काढला होता. दोन पारडी म्हणजे जुळवायच्या दोन वस्तू, दांडी म्हणजे दोघींतला समान गुण आणि काटा म्हणजे ‘सारखे’ हा शब्द. वडिलांच्या किराणा दुकानात बसणारा मुलगा होता तो. आमच्यापैकी एकाने दोन गुण कापले, दुसऱ्याने दुजोरा दिला. संज्ञा नाहीत, एवढेच कारण. त्याच्या हातात जे होते ते त्याने उचलले होते. ते कशासारखे आहे, हे आम्ही त्याला विचारले नाही.

याच खेळाच्या २००३ च्या आवृत्तीत अशा वस्तूने वार करणाऱ्याच्या फाशातून सरसकट चार वजा होत. २०२४ च्या सुधारित नियमांत अशा वस्तूला प्रावीण्य मिळत नाही. मात्र ती एखाद्या शस्त्रासारखी दिसत असेल, तर सूत्रधार तिला त्या शस्त्राचे नियम लावू शकतो. निर्णय आजही सूत्रधाराचाच. पण आमच्या मुलाने तो फासा पडण्यापूर्वी दिला, सर्वांदेखत दिला आणि आमचे म्हणणे ऐकून दिला. परीक्षक म्हणून लाल पेन हाती घेताना यातले आम्ही काय पाळले?

तो विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन गेला. ते दोन गुण आता कोणत्याही गुणपत्रिकेत मिळवता येणार नाहीत. मात्र यंदा अलंकार शिकवताना आम्ही फळ्यावर प्रथम तराजू काढला. संज्ञा नंतर लिहिल्या.