जुन्या संगणकाचा ताप

जुना पर्सनल कॉम्प्युटर प्रोसेसरमुळे सहसा मरत नाही. १९८९ साली आलेला, बारा लाख ट्रान्झिस्टरांचा इंटेल ४८६ आजही बहुधा धडधाकट निघतो. मरते ते त्याच्या भोवतीचे स्वस्तातले सामान. त्यात पहिला मान मदरबोर्डच्या कडेला बसवलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. वीज बंद असताना तारीख, वेळ आणि डिस्कची माहिती जपणे एवढेच तिचे काम. पण यंत्र माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिले की ती गळते, आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डवर उतरते आणि तांब्याच्या बारीक रेषा खात कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत जाते. पितळेच्या भांड्यात ताक कळकावे तसा हिरवट थर तिथे दिसतो. फरक एवढाच की ताकाच्या बाबतीत आंबटपणा गुन्हेगार, इथे तोच औषध. अल्कली मारायला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावतात, मग पाण्याने धुतात आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. तुटलेली रेषा मल्टिमीटरने शोधायची आणि बारीक तारेने जोडायची. कामाला वेळ लागतो, पण अवघड असे त्यात काही नाही.

गळतीची कटकटच नको म्हणून डॅलस सेमीकंडक्टरने डीएस १२८७ या घड्याळाच्या चिपच्या पोटातच लिथियम बॅटरी घातली आणि वरून इपॉक्सीने कायमची बंद केली. दहा वर्षे चालेल, असा दावा होता आणि तो खोटा नव्हता. अकराव्या वर्षी काय करायचे, याचा विचार मात्र केलेला नव्हता. हौशी मंडळी त्या काळ्या ठोकळ्याची एक बाजू कानशीने हळूहळू घासतात, आतली धातूची टोके चमकू लागली की थांबतात, जुन्या बॅटरीचा जोड तोडतात आणि बाहेरून बटण-सेलचा होल्डर सोल्डर करतात. दिसायला हे विद्रूप असते, पण पुढच्या वेळी बॅटरी अर्ध्या मिनिटात बदलता येते.

मग पॉवर सप्लाय. एटी जातीच्या यंत्रात सप्लायकडून मदरबोर्डला सारखे दिसणारे दोन प्लग येतात. ते उलटसुलटही बसतात आणि तसे बसले तर बोर्ड जळतो. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, हा एकच नियम. इतकी महागडी चूक इतकी सोपी करून ठेवणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांचा रोग वेगळा. तेव्हाच्या अनेक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांत सदोष द्रावण होते. आत वायू साठतो, सपाट टोपी फुगते, कधी फुटून तपकिरी खपली धरते. ते काढून १०५ अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे कपॅसिटर घालतात. धन-ऋण टोके तपासल्याशिवाय डाग द्यायचा नाही. कपॅसिटरच्या आयुष्याचा एक ढोबळ हिशेब आहे : तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. म्हणून जुन्या यंत्रात पंखा लावणे ही निम्मी दुरुस्तीच असते.

३३ मेगाहर्ट्झच्या ४८६ ला पंखा लागत नसे, पुष्कळदा धातूची पट्टीही नसे. १९९३ चा पहिला पेंटियम मात्र ५ व्होल्टवर चाले, आणि ६६ मेगाहर्ट्झला १६ वॉटपर्यंत उष्णता फेकी. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पुढच्याच वर्षीचे ३.३ व्होल्टचे पेंटियम वेगाने जास्त असूनही थंड निघाले. तापण्याचे दुसरे कारण सॉफ्टवेअरचे. प्रोसेसरला काम नसताना झोपवणारी एचएलटी ही सूचना ८०८६ पासून होती, पण विंडोज ९५ ती वापरत नसे. रिकामा प्रोसेसर जागच्या जागी धावत राही. त्यावर ‘रेन’, ‘वॉटरफॉल’ असे छोटे प्रोग्रॅम निघाले. स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता यंत्र थंड करण्याचा यापेक्षा सुंदर उपाय नंतर सुचलेला दिसत नाही.

त्या काळातली खरी मजा थंड करण्यात नव्हती, तापवण्यात होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए ६६ च्या बसवर ३०० मेगाहर्ट्झने चाले. बस १०० वर नेली की तोच ४५०. काही बोर्डांना फसवायला प्रोसेसरच्या कार्डावरचा बी २१ हा एक संपर्क चिकटपट्टीने झाकला तरी पुरे. एएमडीने थंडरबर्ड अ‍ॅथलॉनचा गुणक कुलूपबंद करायला चिपवरचे सूक्ष्म पूल लेसरने तोडले होते. ग्राफाइट वीजवाहक असल्यामुळे ते मऊ शिसपेन्सिलीच्या रेघेने पुन्हा जोडता येत. भिंग, पेन्सिल, न थरथरणारा हात, बस.

या अ‍ॅथलॉनवर हीटसिंक बसवताना मात्र भल्याभल्यांना घाम फुटे. प्रोसेसरचा उघडा काचेरी गाभा मधोमध उंच, वर संरक्षक टोपी नाही. पोलादी क्लिप स्क्रू ड्रायव्हरने दाबून सॉकेटच्या प्लॅस्टिकच्या दाताला अडकवायची. हीटसिंक तिरके झाले तर गाभ्याचा कोपरा उडे, स्क्रू ड्रायव्हर निसटला तर बोर्डवर ओरखडा. १.४ गिगाहर्ट्झचा थंडरबर्ड ७२ वॉट ओकतो, आणि तापला की स्वतःहून थांबण्याची सोय त्यात नाही. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू यंत्रांवरची हीटसिंके काढून चित्रफीत केली. पेंटियम ४ मंदावत चालत राहिला, पेंटियम थ्री गोठला, अ‍ॅथलॉनचा धूर निघाला. आज असा संगणक जागवताना जुनी वाळलेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावणे आणि पंखा फिरतो की नाही हे बोटाने नव्हे, डोळ्याने पाहणे एवढे तरी केलेच पाहिजे.

डिस्कचा प्रश्न त्यामानाने सोपा. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलते, त्यामुळे साध्या अ‍ॅडॉप्टरवर ते हार्ड डिस्क म्हणून चालते. घरघर नाही, उष्णता नाही. अडचण जुन्या बायोसची : १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यांपलीकडे ते मोजत नाही, म्हणजे ५२८ एमबीला गाडी अडते. लहान कार्ड घालावे.

अपग्रेडची हौस असावी, पण काळ मोडू नये. ४८६ मध्ये ओव्हरड्राइव्ह चिप शोभते. जुनी कार्डे बसवण्याची आयएसएची खाच तर जपलीच पाहिजे, कारण २००० नंतरच्या बोर्डांवर ती दुर्मीळ झाली. डॉसवर मराठी दाखवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड याच खाचेत बसे.

पहिल्यांदाच या नादाला लागणाऱ्याने ४८६ च्या मागे धावू नये. ४४०बीएक्स चिपसेटचा, १९९८-९९ चा पेंटियम टू किंवा थ्री शोधावा. त्यात बटण-सेल असतो, एटीएक्स सप्लायचा प्लग उलटा बसत नाही, आयएसएची एखादी खाचही बहुधा मिळते, आणि पहिल्याच दिवशी सोल्डरिंग शिकावे लागत नाही.